वाचनालयातले दहा जुने डेस्कटॉप डेबियन १३ वर: प्रकल्प नोंदी

यंत्रे: एच६१ चिपसेटचे मदरबोर्ड, कोअर आय३-२१०० (दोन कोअर, चार थ्रेड, ३.१ गिगाहर्ट्झ), ४ जीबी डीडीआर३ ची एकच स्टिक, ५०० जीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. जागा: तालुक्याच्या गावातले सार्वजनिक वाचनालय. काम: स्पर्धा परीक्षा आणि शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज, मराठी टायपिंग, लिब्रेऑफिस, व्याख्यानांचे व्हिडिओ आणि प्रिंट.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते. हे प्रोसेसर दुसऱ्या पिढीतले, म्हणून तो विचार केलाच नाही. डेबियन १३ (लिनक्सवरची मोफत कार्यप्रणाली) घेतले, कारण ते ऑगस्ट २०२५ मध्येच आलेले आहे, म्हणजे बरीच वर्षे पुरेल, आणि दर वर्षी नवीन आवृत्ती चढवायला वाचनालयात कोणी नाही.

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

इन्स्टॉलरला हात लावण्याआधी दहाही कॅबिनेट उघडली. हे काम पुढे ढकलले की सॉफ्टवेअरला दोष देत बसावे लागते.

प्रत्येक यंत्र लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची तब्येत पाहिली. बघायचे आकडे तीनच. क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, क्रमांक १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे सेक्टर आणि क्रमांक १९९ म्हणजे केबलवरच्या चुका. क्र. ४ आणि क्र. ९ च्या डिस्कवर १९७ शून्य नव्हता. त्या दोन डिस्कवरचा डेटा आजच उतरवून घेतला.

क्र. ६ चे दुखणे वेगळे निघाले. डिस्क ठणठणीत, पण १९९ चा आकडा वाढत होता आणि ‘डीमेसेज’मध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी) साटा लिंकचा (डिस्क आणि बोर्ड यांच्यातला दुवा) वेग १.५ गिगाबिटवर उतरवल्याची ओळ येत होती. केबल बदलली, ओळ गेली, आकडा थांबला. हा आकडा कधीच शून्यावर परत येत नाही, त्यामुळे तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का तेवढेच बघा. जुन्या, लॅच नसलेल्या आणखी तीन केबल बदलल्या. चार केबल, प्रत्येकी ७० रुपये.

बोर्डावरचे सीआर२०३२ सेल सरसकट बदलले, एकूण ३०० रुपये. सेल मेला की तारीख मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक साइटचे सर्टिफिकेट नाकारतो आणि ‘एपीटी’ (डेबियनचे पॅकेज बसवणारे साधन) म्हणते की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही. लोक नेटवर्कमध्ये बिघाड शोधत राहतात.

हीटसिंक आणि पंख्यात धुळीची गादी बसलेली होती. ती साफ करून नवी पेस्ट लावली, १५० रुपयांची एक ट्यूब दहा यंत्रांना पुरली. इंटेलच्या या हीटसिंकच्या चार खुंट्यांपैकी एखादी नीट बसत नाही, म्हणून बोर्डाच्या मागून चारही टोके बाहेर आलेली दिसतात का ते पाहा. क्र. २ मध्ये एक अर्धवट होती. प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवत होता.

२६ ऑक्टोबर, रविवार

कोणता डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची खिडक्या-मेनूंची मांडणी, घ्यायचा, याची चाचणी. एकाच यंत्रावर, जुन्या हार्ड डिस्कवरच, डेबियन १३ वर प्रत्येक डेस्कटॉप वेगळ्या विभाजनात नव्याने टाकला. एकाच इन्स्टॉलेशनवर पाच डेस्कटॉप लादून तुलना करू नका. एकाच्या पार्श्वसेवा दुसऱ्यात चालू राहतात आणि आकडे खोटे पडतात.

लॉगिननंतर दोन मिनिटे थांबून ‘फ्री’ने मोजलेली वापरातली मेमरी, ढोबळमानाने: ग्नोम १.२ जीबी, केडीई प्लाझ्मा १ जीबीच्या आसपास, सिनॅमन ९०० एमबी, एक्सएफसीई ६५० एमबी, एलएक्सक्यूटी ५५० एमबी.

आकडे पाहून एलएक्सक्यूटी घ्यावेसे वाटते. पण मग प्रत्येकावर फायरफॉक्समध्ये चार टॅब आणि लिब्रेऑफिसमध्ये एक फाइल उघडली, तर चित्र बदलले. सगळीकडे ब्राउझर एकटाच दीड जीबीच्या पुढे गेला. एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीई यांच्यातला शंभर एमबीचा फरक म्हणजे अर्जाच्या साइटचा एक टॅबसुद्धा नाही. शिवाय सुरू होण्याचा वेळ पाचही ठिकाणी जवळजवळ तेवढाच रडका: लॉगिनपर्यंत पाऊण मिनिट आणि ब्राउझर हाताला येईपर्यंत आणखी वीस-पंचवीस सेकंद.

‘व्हीएमस्टॅट’ पाच-पाच सेकंदांनी चालू ठेवून ब्राउझर उघडला. ‘डब्ल्यूए’ रकाना, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ, चाळीसच्या वर. ‘एसआय’ आणि ‘एसओ’, म्हणजे स्वॅपची (मेमरी पुरली नाही की वापरायची डिस्कवरची जागा) ये-जा, शून्य. म्हणजे मेमरी अजून संपलेलीच नाही, डिस्कचे हेड धावते आहे. डेस्कटॉप बदलून हा आकडा हलत नाही.

तरी निवड करायचीच होती. ग्नोम आणि प्लाझ्मा दोन्ही स्वतःहून फायलींची अनुक्रमणिका बनवत बसतात. हार्ड डिस्कवर ते बंद केल्याशिवाय वापरता येत नाहीत, आणि बंद केल्यावर वापरायचे कारण उरत नाही. एक्सएफसीई घेतले. त्याचा पॅनल विंडोज ७ सारखा मांडता येतो, सेटिंगच्या फायली साध्या आहेत आणि दहा यंत्रांवर एकसारखे बसवणे सोपे जाते. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्तीही इथे चालली असती.

१ नोव्हेंबर, शनिवार

एसएसडी आल्या. २५६ जीबीच्या चार, प्रत्येकी १,८०० रुपये. तेवढ्यात दुकानातला साठा संपला म्हणून २४० जीबीच्या सहा, प्रत्येकी १,६५० रुपये. या आकारभेदाने पुढे छळले, नोंद १५ नोव्हेंबरला.

एच६१ वर साटाचे पोर्ट ३ गिगाबिटचेच असतात. त्यामुळे एसएसडीच्या खोक्यावरचा ५०० एमबीचा वेग मिळणार नाही, २७० च्या आसपास थांबतो. याची फिकीर करू नका. जुन्या डिस्कचा सलग वाचनाचा वेगही शंभरच्या पुढे होताच. तिचे हाल होतात ते विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना, तिथे ती सेकंदाला एक एमबीसुद्धा देत नाही. ब्राउझर आणि लिब्रेऑफिस उघडताना नेमके तेच काम असते.

बायोसमध्ये साटा मोड आयडीई (जुनी पद्धत) वर होता, तो एएचसीआय (नवी पद्धत) केला. लिनक्सला हा बदल आधी-नंतर कधीही चालतो, विंडोज मात्र जुन्या इन्स्टॉलेशनवर निळा पडदा दाखवते. दुहेरी बूट ठेवणाऱ्यांनी सांभाळून.

त्याच यंत्रावर, तेच एक्सएफसीई: लॉगिनपर्यंत १५ ते १६ सेकंद, ब्राउझर ४ सेकंदांत, लिब्रेऑफिस रायटर पहिल्यांदा उघडताना ४ ते ५ सेकंद (हार्ड डिस्कवर वीसच्या घरात). ‘डब्ल्यूए’ दोन-तीनच्या वर जात नाही.

‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम’मध्ये वर दिसलेल्या दोन सेवा बंद केल्या: नेटवर्कची वाट पाहणारी ‘वेट-ऑनलाइन’ आणि मोडेम मॅनेजर. या यादीतली प्रत्येक मोठी ओळ बूट अडवत नसते. ‘क्रिटिकल-चेन’ पाहून मगच हात घाला. ‘एफस्ट्रिम’चा (एसएसडीला रिकामी जागा कळवणारा) साप्ताहिक टायमर चालू आहे का ते तपासले.

२ नोव्हेंबर, रविवार

मेमरी. सगळ्यांना ८ जीबी करण्याएवढे पैसे नाहीत, तेव्हा आधी ४ जीबीवर काय जमते ते पाहिले.

‘झेडरॅम-टूल्स’ टाकले. झेडरॅम म्हणजे मेमरीतच दाबून ठेवलेले स्वॅप. अल्गोरिदम झेडएसटीडी, आकार मेमरीच्या ५० टक्के. स्वॅपिनेस (स्वॅप किती लवकर वापरायचे तो आकडा) ६० वरून १८० (कर्नल ५.८ पासून मर्यादा २०० पर्यंत आहे) आणि पेज-क्लस्टर ३ वरून शून्य. पेज-क्लस्टर ३ म्हणजे मेमरीचे एक पान (छोटा तुकडा) हवे असताना आठ पाने एकदम आणणे. फिरत्या डिस्कवर ते ठीक, झेडरॅमवर मात्र सात पाने फुकट उलगडली जातात.

पहिली मांडणी बिघडली. इन्स्टॉलरने बनवलेले डिस्कवरचे स्वॅप तसेच ठेवले होते, झेडरॅम भरल्यावर आधार म्हणून. प्रत्यक्षात उलटे होते. सकाळपासून न वापरलेली थंड पाने आधी झेडरॅममध्ये जाऊन बसतात, ते भरते, आणि आत्ता हाताखाली असलेली गरम पाने डिस्कवर जातात. जलद जागा निकामी पानांनी अडवलेली. डिस्कवरचे स्वॅप काढून टाकले. ज्यांना ते ठेवायचेच आहे त्यांनी झेडरॅमऐवजी झेडस्वॅप वापरावे, ते थंड पाने स्वतः डिस्ककडे ढकलते.

स्वॅप काढल्यावर मेमरी खरोखर संपली तर यंत्र गोठते, माउससुद्धा हलत नाही. त्यासाठी ‘अर्लीऊम’. मोकळी मेमरी आणि मोकळे स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की ते सगळ्यात जड प्रक्रिया बंद करते. बहुतेक वेळा ब्राउझरचा एक टॅब पडतो आणि बाकी अर्ज वाचतो.

एवढे करूनही क्र. ३ संध्याकाळी गुदमरले. ‘झेडरॅमसीटीएल’मध्ये दाबलेला डेटा आणि मूळ डेटा जवळजवळ सारखाच. एरवी तीनास एक असे प्रमाण पडते. कारण डेबियन १३ मधला एक बदल: ‘/टीएमपी’ आता डिस्कवर नसून मेमरीत आहे, निम्म्या मेमरीपर्यंत वाढू शकणारा. कोणीतरी व्याख्यानांच्या व्हिडिओंची सव्वा जीबीची झिप फाइल दोनदा टिचकी मारून उघडली होती. आर्काइव्ह मॅनेजर ती ‘/टीएमपी’त उलगडतो, म्हणजे मेमरीत. मेमरी कमी पडली की तो डेटा झेडरॅममध्ये जातो, आणि व्हिडिओ आधीच दाबलेला असल्याने तिथे आणखी दाबला जात नाही. ४ जीबीच्या यंत्रावर हे दोन जुळणे फार वाईट. ‘सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ करून रीबूट केले, ‘/टीएमपी’ परत डिस्कवर. ८ जीबी आणि वर असेल तर याची गरज नाही.

इंटरनेटवर सापडणाऱ्या तीन सूचना मुद्दाम टाळल्या. दर तासाला कॅशे रिकामी करणारी क्रॉन नोंद मेमरी ‘मोकळी’ दाखवते आणि पुढची प्रत्येक फाइल पुन्हा डिस्कवरून आणायला लावते. ‘प्रीलोड’ला (नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत आणणारे) एसएसडीवर करण्यासारखे काही राहत नाही. आणि ‘मिटिगेशन्स ऑफ’ (प्रोसेसरच्या सुरक्षा-त्रुटींवरचे उपाय बंद करणे) सार्वजनिक यंत्रावर अजिबात नको. इथे दिवसभर अनोळखी साइटांच्या जावास्क्रिप्ट चालतात आणि लोक बँकेचे पासवर्ड टाकतात.

८ नोव्हेंबर, शनिवार

ब्राउझर आणि व्हिडिओ. यूट्यूबवर ७२०पी लावले की चारही थ्रेड साठ-सत्तर टक्क्यांवर, पंखा ओरडतो. कारण यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी दाबलेले व्हिडिओ पाठवते, आणि आय३-२१०० मधले ग्राफिक्स या दोन्हींपैकी काहीच हार्डवेअरने उलगडत नाही. जुनी एच.२६४ पद्धत मात्र उलगडते.

‘एच२६४इफाय’ एक्स्टेन्शन टाकले. ते साइटला सांगते की इथे फक्त एच.२६४ चालते. त्यातच ६० फ्रेमचे व्हिडिओ अडवायची सोय आहे, ती चालू केली. एवढ्यानेच भार निम्म्यावर आला.

पुढची पायरी हार्डवेअरची. ‘व्हीएइन्फो’मध्ये एच.२६४ च्या ओळी दिसायला हव्यात. या पिढीला ‘आय९६५’ हा जुना व्हीए (व्हिडिओ हार्डवेअरने उलगडण्याचा) ड्रायव्हर लागतो. ‘आयएचडी’ ड्रायव्हर ब्रॉडवेल (इंटेलची पाचवी पिढी) आणि पुढच्यांसाठी आहे, त्याच्या मागे लागू नका. एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये लगेच चालले. फायरफॉक्समध्ये आपोआप चालू झाले नाही, ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये हार्डवेअर व्हिडिओ डिकोडिंगचा ‘फोर्स-एनेबल्ड’ पर्याय लावावा लागला. चालते आहे की नाही हे ‘इंटेल जीपीयू टॉप’मधल्या व्हिडिओच्या पट्टीवर कळते, डोळ्यांवर विसंबू नका.

जाहिराती अडवणारे यूब्लॉक ओरिजिन टाकले. बातम्यांच्या साइटवर मेमरीतला फरक कोणत्याही कर्नल सेटिंगपेक्षा मोठा. अर्जाच्या दोन-तीन सरकारी साइटवर मात्र ते बंद केलेले बरे, पैसे भरण्याची पॉपअप खिडकी अडते.

हे सगळे ‘पॉलिसीज.जेसन’ फाइलमध्ये लिहून ‘ईटीसी’मधल्या फायरफॉक्सच्या फोल्डरात ठेवले: दोन एक्स्टेन्शन सक्तीने, पासवर्ड साठवण्याचा प्रश्न बंद, ब्राउझर मिटला की कुकी आणि इतिहास साफ. प्रत्येक प्रोफाइलला हाताने करत बसू नका.

९ नोव्हेंबर, रविवार

मराठी टायपिंग. इनस्क्रिप्ट कीबोर्डसाठी आयबस (टायपिंगच्या पद्धती पुरवणारा वेगळा प्रोग्राम) लागत नाही. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय लेआउटमधले मराठी जोडले की झाले, मागे वेगळी प्रक्रिया नाही, मेमरीचा खर्च नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य शिफ्ट+जे, मग हलंत, मग य. टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना रेमिंग्टन हवे असते आणि काहींना गमभन. त्यांच्यासाठी ‘आयबस-एम१७एन’ टाकले, पण वेगळ्या लॉगिनवर.

लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट बदलूनही बदलत नाही, ही तक्रार लगेच आली. देवनागरी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’च्या खात्यात मोडते आणि त्याचा मूळ फॉन्ट वेगळा ठरतो. पर्यायांत भाषांच्या पानावर तो लेआउट चालू करून भाषा मराठी निवडली, मग रायटरच्या मूळ फॉन्टांच्या सीटीएल पानावर नोटो सान्स देवनागरी लावला. शुद्धलेखन तपासणारा मराठीचा ‘हन्स्पेल’ शब्दकोश टाकल्यावर मराठी शब्दांखालच्या लाल रेघा बऱ्याच कमी झाल्या. जावा बंद ठेवले. फॉन्टांचे सगळे पॅकेज टाकू नका, शेकडो नावांची यादी उघडतानाच रायटर अडखळतो.

श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांतल्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय वाचता येत नाहीत. तो कामाचा वेगळा ढीग आहे, या प्रकल्पात घेतला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

क्र. १ ची मांडणी बाकीच्यांवर उतरवण्यासाठी त्याच्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे पूर्ण प्रत, क्लोनझिलाने घेतली. दिवस जवळजवळ वाया.

पहिली अडचण: क्र. १ मध्ये २५६ जीबीची एसएसडी, बाकी बहुतेक २४० च्या. आत डेटा जेमतेम १० जीबी असला तरी लक्ष्य डिस्क लहान म्हटल्यावर क्लोनझिला थांबते. क्र. १ चे मुख्य विभाजन लहान करून शेवटची जागा मोकळी सोडली आणि प्रतिमा पुन्हा घेतली. उतरवताना तज्ज्ञ मोडमध्ये डिस्कचा आकार तपासू नये हा पर्याय आणि विभाजने प्रमाणात बनवण्याचा ‘के१’ पर्याय. मग चालले. प्रतिमा घेणार असाल तर मुख्य विभाजन सुरुवातीलाच १०० जीबीचे ठेवा.

दुसरी: उतरवलेली यंत्रे बूटच होईनात. बायोस म्हणते बूट डिस्क नाही. यूईएफआयमध्ये (बायोसची नवी पद्धत) ‘डेबियन’ नावाची बूट नोंद बोर्डाच्या स्मृतीत असते, डिस्कवर नाही. डिस्कची प्रत केली तरी ती नोंद सोबत येत नाही. शिवाय जुन्या एच६१ बोर्डांचे यूईएफआय अर्धेकच्चे असते.

१६ नोव्हेंबर, रविवार

उपाय असा: क्र. १ वर ‘ग्रब-इन्स्टॉल’ला (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) ‘रिमूव्हेबल’ पर्याय दिला. त्याने बूटची फाइल ईएफआय विभाजनातल्या ‘बूट’ फोल्डरमध्ये ‘बूटएक्स६४’ या ठरलेल्या नावाने जाते, आणि नोंद नसली तरी बोर्ड ती शोधतो. पुढच्या अपडेटमध्ये टिकावे म्हणून ग्रबच्या पॅकेजची पुनर्रचना करून तिथेही हाच पर्याय निवडला. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये हा प्रश्न तज्ज्ञ मोडमध्ये विचारला जातो.

सगळ्या यंत्रांची ओळख एकच होऊ नये म्हणून प्रतिमा घेण्याआधी ‘मशीन-आयडी’ फाइल रिकामी केली आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या) होस्ट किल्ल्या पुसल्या. उतरवल्यावर प्रत्येकाचे होस्टनेम बदलले आणि किल्ल्या नव्याने बनवल्या. एच६१ ला स्वतःचे यूएसबी ३ नाही, त्यामुळे पेनड्राइव्ह कितीही महाग घेतला तरी सेकंदाला ३० एमबीच्या आसपासच.

जुन्या बाजारातून ४ जीबीच्या सहा रॅम स्टिक आणल्या, प्रत्येकी ५०० रुपये. दोन चालल्या नाहीत, पडदा काळाच. अशा स्वस्त स्टिकपैकी काही फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात आणि लेबलवर ते बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. घेताना ‘इंटेल बोर्डावर चालली नाही तर बदलून देणार’ असे कबूल करून घ्या. दोन्ही बदलून मिळाल्या. प्रत्येकीवर मेमटेस्टची एक पूर्ण फेरी केली. १६०० ची स्टिक इथे १३३३ वरच चालते.

दुसरी स्टिक लावल्याचा फायदा आकड्यापुरता नाही. ग्राफिक्स याच मेमरीतून जागा घेते, आणि दोन स्टिकमुळे दोन्ही चॅनल चालू होतात. खिडकी सरकवताना, पीडीएफ वर-खाली करताना फरक दिसतो. सहा यंत्रे ८ जीबीची झाली, ती अर्ज भरणाऱ्यांसाठी. ४ जीबीची चार टायपिंगला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रिंटर. लहान लेझर, त्याच्या पोटात फर्मवेअर राहत नाही, चालू केल्यावर दर वेळी संगणकाने पाठवावे लागते. त्यासाठी उत्पादकाचे प्लगइन लागते आणि त्याची आवृत्ती ड्रायव्हरच्या पॅकेजशी तंतोतंत जुळावी लागते. अपडेट झाला की प्रिंट बंद. म्हणून तो फक्त क्र. १ ला जोडला, तिथे ड्रायव्हरचे पॅकेज ‘होल्ड’वर (अपडेटपासून रोखून) ठेवले आणि कप्स या प्रिंट सेवेतून रांग सर्वांना उघडी केली. बाकीच्या नऊ यंत्रांना ती ड्रायव्हरशिवाय आपोआप दिसते. तोटा एकच, क्र. १ बंद असेल तर कोणाचीच प्रिंट निघत नाही.

अर्जांचा खालचा भाग कापला जात होता. क्र. १ वर भाषा निवडताना अमेरिकन इंग्रजी घेतली गेली होती, त्यामुळे कागदाचे मूळ माप ‘लेटर’, आणि प्रतिमेबरोबर ते दहाही यंत्रांवर पोचलेले. लोकेल (भाषा आणि देशाचे सेटिंग) भारतीय इंग्रजी केले, ‘पेपरसाइझ’ फाइलमध्ये ए४ लिहिले, कप्सच्या रांगेतही ए४. लिब्रेऑफिसच्या मूळ साच्यात वेगळे बदलावे लागते, ते विसरू नका.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभराच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल’मधून पाहिल्या. अर्लीऊमने ४ जीबीच्या यंत्रांवर मोजके टॅब पाडले, ८ जीबीवर एकही नाही. डिस्कच्या चुका नाहीत. क्र. ९ मध्ये तारीख पुन्हा मागे गेली. सेल नवा, पण त्याची धारक पट्टी वाकलेली. ती उचलून सरळ केली.

आत्तापर्यंतचा खर्च: एसएसडी १७,१००, रॅम ३,०००, सेल ३००, केबल २८०, पेस्ट १५०. एकूण २०,८३० रुपये.

राहिलेले: काढलेल्या हार्ड डिस्कपैकी आठ चांगल्या आहेत, त्यांतल्या दोन क्र. १ ला जोडून प्रतिमेची प्रत आणि वाचनालयाच्या फायलींचा बॅकअप ठेवायचा. क्र. १ च्या पॉवर सप्लायला साटाचे मोकळे टोक एकच आहे, दुसऱ्यासाठी वाय केबल लागेल. साच्यात ओतलेल्या कनेक्टरची घेऊ नका, ती आतून शॉर्ट होऊन जळू शकते. दाबून बसवलेल्या कनेक्टरची घ्यायची.